पहिलं ट्रेनर विमान: पैसे आधी कशावर घालायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला सीएनसी मशीनवर काम करता, राहायला कोल्हापुरात राजारामपुरीत. हाताला कामाची सवय आहे, १५ हजार रुपये बाजूला काढलेत आणि रेडिओ कंट्रोल विमान स्वतः बांधून उडवायचं मनात आहे. १ मीटर पंखाच्या स्पिटफायर या जुन्या लढाऊ विमानाचा आराखडा मिळवलाय, मोटर २२०० केव्हीची ठरवलीय, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) स्वस्तातला कुठलाही चालेल म्हणता, चार्जरचं नंतर बघू म्हणता. आणि विचारताय की या यादीत काय राहिलं?

राहिलं काहीच नाही, पण क्रम उलटा लागलाय. तुम्ही विमानापासून सुरुवात केलीत. मी गेली अठरा वर्षं ही विमानं बांधतोय आणि निदान पंचवीसेक जणांच्या हातात पहिल्यांदा ट्रान्समीटर दिलाय, त्यावरून सांगतो: पहिलं विमान मोडणार आहे. दुसऱ्या उड्डाणात मोडेल नाहीतर बाराव्यात. त्यामुळे 'कुठलं विमान घेऊ' हा तुमचा खरा प्रश्नच नाही. मोडल्यावर दोन संध्याकाळींत ते पुन्हा हवेत कसं जाईल आणि तोवर हात कसा तयार राहील, हा खरा प्रश्न आहे. विमान मोडतं. ट्रान्समीटर, चार्जर, बॅटऱ्या आणि बोटांची सवय मागे राहते. पैसे आधी जे मागे राहणार आहे त्यावर घाला.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं पहिलं विमान बाल्साचं होतं, पंख खाली असलेलं, दिसायला फार देखणं. अडीच महिने रात्री जागून बांधलं. हातातून सुटल्यावर ते अकरा सेकंद हवेत होतं. डावीकडे कललं, मी घाबरून एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, ओढला, डावं टोक खाली गेलं आणि ते मातीत शिरलं. त्यानंतर वर्षभर मी या छंदाकडे वळलो नाही. ते वर्ष वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून नवीन माणसाला मी असं लांबलचक उत्तर देतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. शेजारी उभा राहून शिकवणारा कुणी मिळाला तर निम्मी काळजी मिटते. तालमीत वस्ताद पोराला आधी माती उकरायला लावतो, मग जोर-बैठका, आणि कुस्ती कितीतरी नंतर. इथेही वस्ताद असला की तो दोन ट्रान्समीटर केबलने जोडतो, चूक झाली की ताबा स्वतःकडे घेतो आणि विमान वाचतं. असा कुणी नसेल तर खाली सिम्युलेटरबद्दल जे लिहिलंय ते दुप्पट गांभीर्याने घ्या. दुसरी गोष्ट, तुम्हाला बांधण्यात जास्त रस आहे की उडवण्यात? दोन्हीत असेल तरी पहिल्या वर्षी उडवणं पुढे ठेवा.

पहिली खरेदी ट्रान्समीटरची. तुमच्या बजेटात फ्लायस्कायचा एफएस-आय६ आणि सोबत आयए६बी रिसीव्हर (विमानात बसणारा) हा जोड बसतो. सहा चॅनेल, म्हणजे सहा गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात, २.४ गिगाहर्ट्झ. तुम्हाला सुरुवातीला तीनच चॅनेल लागतील, मोटर, एलेव्हेटर आणि रडर (वळवणारी शेपटीची उभी पट्टी), पण पुढची चार-पाच विमानं याच्यावरच उडतील. पूर्वी क्रिस्टलवाले संच असायचे. एकाच चॅनेलवर दोघांनी संच चालू केला की एकाचं विमान पडायचं, म्हणून मैदानात आधी एकमेकांना विचारावं लागे. आताचे संच रिसीव्हरशी जोडी बांधून घेतात आणि ती भीती गेली. घेताना 'मोड २' घ्या, म्हणजे थ्रॉटल, मोटरचा वेग कमी-जास्त करणारी दांडी, डाव्या हाताला. आपल्याकडे बहुतेक जण हाच वापरतात, त्यामुळे मदत मागायची वेळ आली तर समोरच्याला तुमचा ट्रान्समीटर लगेच हाताळता येईल. खेळण्यातल्या विमानासोबत येणारा रिमोट मात्र नको. त्यात ट्रिम, म्हणजे विमान सरळ उडावं म्हणून केलेली बारीक जुळवणी, नीट साठवता येत नाही आणि सिग्नल तुटल्यावर मोटर बंद पडेल याची खात्री नसते. आय६ हातात आला की फेलसेफ लावा: सिग्नल गेला तर थ्रॉटल शून्यावर.

ट्रान्समीटरसोबतच सिम्युलेटरची यूएसबी केबल मागवा, चार-पाचशे रुपयांत मिळते. पिकासिम नावाचा सिम्युलेटर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. याला खेळ समजू नका. विमान उडवताना सगळ्यात अवघड असतं ते दिशेचं भान. विमान तुमच्यापासून लांब जात असतं तोवर उजवीकडे स्टिक म्हणजे उजवीकडे वळण. ते तुमच्याकडे तोंड करून येऊ लागलं की तुमच्या डोळ्यांना सगळं उलटं दिसतं, आणि नव्या माणसाची बहुतेक विमानं याच क्षणी पडतात. यावर एकच युक्ती आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक ढकला, जणू त्या पंखाला खालून टेकू देताय. वाचून हे लगेच पटतं, बोटांना पटायला मात्र आठ-दहा तास लागतात. रोज वीस मिनिटं, महिनाभर करा. फक्त ट्रेनर, म्हणजे शिकणाऱ्यासाठीचं संथ विमान निवडा आणि विमानाच्या मागून पाहायचा कॅमेरा वापरू नका. आपण जमिनीवर उभे आहोत असंच दृश्य हवं. सलग दहा वेळा न मोडता उतरवता आलं की समजा हात तयार झाला.

आता चार्जर. 'नंतर बघू' हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात खटकलेलं वाक्य. विमानात लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असते. ३एस म्हणजे तीन सेल एकामागे एक, नाममात्र ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला थांबला पाहिजे. तिघांतला एक पुढे गेला आणि चार्जरला ते कळलं नाही, तर तो सेल फुगतो, पेटतोसुद्धा, आणि लिपोची आग घरातल्या पाण्याच्या बादलीला दाद देत नाही. म्हणून बॅलन्स चार्जरच हवा, जो पांढऱ्या छोट्या कनेक्टरमधून प्रत्येक सेल वेगळा मोजतो. मोबाइलचा चार्जर किंवा १२ व्होल्टचा कुठलाही अॅडॉप्टर थेट लावायचा विचारसुद्धा मनात आणू नका. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरने भरा, साधारण तास लागतो, आणि तो तासभर त्याच खोलीत बसा. फरशीवर ठेवा, गादी-सतरंजीवर नको. चार दिवस उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टला आणून ठेवा, चार्जरवर 'स्टोरेज' नावाची सोय त्यासाठीच असते. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत बॅटरी विसरू नका. फुगलेली बॅटरी, कितीही पैसे गेलेले असोत, पुन्हा वापरू नका. शंभर-दीडशे रुपयांत सेलचे व्होल्ट दाखवणारा छोटा बझर मिळतो, तोही घ्या.

एक बॅटरी किती वेळ पुरते? शांतपणे उडणारं ट्रेनर सरासरी ८ अँपिअर ओढतं असं धरा. २.२ अँपिअर-तासांतले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे जवळपास १३ मिनिटं. सुरुवातीला टायमर ६ मिनिटांचा लावा. त्याहून जास्त वेळ नव्या माणसाचं लक्षही टिकत नाही.

मोटरचं लवकर सांगतो. केव्ही म्हणजे एका व्होल्टला भाराविना मिनिटाला होणारे फेरे. २२०० केव्ही ३एसवर २४ हजारांच्या पुढे फिरू पाहते, तिला छोटा प्रॉप (पुढचा पंखा) लावावा लागतो आणि विमान वेगातच उडतं. तुम्हाला वेग नकोय, ओढ हवी आहे. २२१२ मापाची १००० केव्हीची मोटर आणि १० इंची प्रॉप घ्या. ७०० ग्रॅमच्या विमानाला ही ओढ भरपूर होते. ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किट) घ्या, पण त्यात बीईसी आहे ना ते विचारून घ्या. रिसीव्हर आणि सर्वोंना (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) लागणारे ५ व्होल्ट त्यातूनच येतात. ड्रोनसाठीच्या काही ईएससींमध्ये ते नसतं आणि मग माणूस दिवसभर वायरी तपासत बसतो. ९ ग्रॅमचे चार सर्वो घ्या, दोन लावायला आणि दोन जादा. प्रॉप मात्र सहा घ्या, तेच सगळ्यात जास्त मोडतात.

आता स्पिटफायरकडे येऊ. तो आराखडा फेकू नका, पण सध्या कपाटात ठेवा. त्याचा पंख खाली असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. वेग कमी झाला की असा पंख आधी टोकाला उचल सोडतो आणि विमान एका बाजूला कोसळतं. माझ्या अकरा सेकंदांत हेच झालं होतं. ट्रेनरचा पंख वर असतो, रुंदी सगळीकडे सारखी, आणि दोन्ही टोकं किंचित वर उचललेली. या उचलीला डायहेड्रल म्हणतात. विमान कललं की ते खालच्या पंखाच्या दिशेने घसरू लागतं, घसरताना त्या पंखाला वारा जास्त कोनाने लागतो, त्याची उचल वाढते आणि विमान आपोआप सरळ होतं. गोंधळलात तर थ्रॉटल कमी करा आणि स्टिक सोडा, विमान स्वतः सावरतं. पुरेशी उंची असली तर.

आकडे सांगतो. पंख १२०० मिलिमीटर लांब आणि २०० रुंद ठेवा, क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होतं. सगळं मिळून वजन ७०० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे २९ ग्रॅम. तुमच्या १ मीटरच्या स्पिटफायरचं क्षेत्रफळ साधारण १६ धरलं तर त्याच वजनाला हा भार ४४ वर जातो. भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरण्याचा वेग वाढतो, म्हणजे स्पिटफायर वीसेक टक्के जास्त वेगाने जमिनीवर येणार. शिकणाऱ्याला तेवढे टक्के फार महाग पडतात.

साहित्य फोमबोर्डाचं घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद आणि मध्ये फोम असलेला ५ मिलिमीटरचा बोर्ड. इथे एक गफलत हमखास होते. दुकानात 'सनबोर्ड' मागितला की बऱ्याचदा पीव्हीसीचा शीट हातात देतात, जो फ्लेक्स-बोर्डवाले वापरतात. तो दिसायला तसाच, पण वजनाला कितीतरी पट जड. त्याचं विमान बांधलंत तर उडणार नाही. उचलून पाहा, नखाने दाबून पाहा, जमल्यास वजनकाट्यावर टाका. थर्माकोलचं काही बांधलंत तर साधा फेव्हिक्विक लावू नका, तो थर्माकोल विरघळवतो. ग्लू गन चालते, पण हात आखडता ठेवा, गोंदाचंही वजन असतं. पंखात आडवी बांबूची काडी किंवा कार्बनचा रॉड घाला. सर्वोपासून रडरपर्यंत जाणारी तार सायकलच्या स्पोकची होते, टोकाला झेडच्या आकारात वाकवायची. मोटर बसवायचा पत्रा उद्यमनगरात कुणीही कापून देईल, तुम्ही तर स्वतःच कराल. मोटर खाली आणि उजवीकडे दोन-तीन अंश झुकवा, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर नाक वर किंवा डावीकडे जाणार नाही.

तुमच्यासारख्या कारागिराची एक सवय इथे आड येते, ती म्हणजे सगळं मजबूत करण्याची. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका टर्नरने पंख बोल्टने आवळला होता. पहिल्याच आपटीत पंखासकट सांगाडा फाटला. पंख रबरबँडनेच बांधायचा, आठ-दहा रबरबँड आडवे-तिडवे. आपटलं की पंख सुटून बाजूला पडतो, काही मोडत नाही, आणि दोन मिनिटांत परत बांधता येतो.

बांधून झाल्यावर तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या ३० टक्क्यांवर, दोन बोटांवर विमान उचला. बॅटरी पुढे-मागे सरकवून ते सपाट राहिलं पाहिजे, नाक जरासं खाली असलं तरी चालेल. शेपूट जड असलेलं विमान सोडूच नका, ते सावरता येत नाही. तीन चॅनेलच्या विमानात रडरचा सर्वो पहिल्या चॅनेलला जोडा, एलेरॉनच्या (पंखावरच्या पट्ट्यांच्या) जागी, म्हणजे वळवणं उजव्याच हातात राहील आणि पुढच्या चार चॅनेलच्या विमानात बोटांना नवी सवय लावावी लागणार नाही. विमानाच्या मागे उभं राहून तपासा: स्टिक उजवीकडे, रडर उजवीकडे. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. हे प्रत्येक उड्डाणाआधी.

आणि हे सगळं प्रॉप काढून करा. एकदा मी घाईत बॅटरी काढायच्या आधी ट्रान्समीटर बंद केला. त्या संचात फेलसेफ लावलेलं नव्हतं, मोटर फिरली आणि तर्जनीला पाच टाके पडले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: चालू करताना ट्रान्समीटर आधी, बंद करताना तो शेवटी.

पैशांचा हिशेब ढोबळमानाने असा बसतो. भाव बदलतात, पण प्रमाण हेच राहतं. ट्रान्समीटर-रिसीव्हर साडेपाच हजार, चार्जर अडीच हजार, दोन बॅटऱ्या साडेतीन हजार, मोटर-ईएससी-सर्वो-प्रॉप दोन हजार, केबल आणि बझर सहा-सातशे. विमानाचा सांगाडा उरलेल्या आठ-नऊशेत होतो. बघा, प्रत्यक्ष विमान सगळ्यात स्वस्त आहे. म्हणून मी सांगतो की एकाच वेळी दोन पंख कापून ठेवा.

आता जागा. यावर तुम्ही काहीच विचारलं नाही, पण तुम्ही जिथे राहता आणि काम करता तिथेच खरी अडचण आहे. तुमच्या विमानालाही लागू असलेल्या ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतला भाग जमिनीपासूनच लाल किंवा पिवळ्या झोनमध्ये येतो आणि तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने राजारामपुरी, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, गोकुळ शिरगाव हे सगळं त्यात आलं. ८ ते १२ किलोमीटरमध्ये हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, झोनची मर्यादा २०० फूट, त्यापलीकडे ४०० फूट. तुमचं विमान २ किलोच्या आतलं, म्हणजे मायक्रो गटातलं, आणि हौसेसाठी उडवताना त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तुमची जागा स्वतः तपासा, नोंदणीचे चालू नियमही वाचून घ्या. विमानतळावर खरी माणसं उतरत असतात, तिथे 'कोण बघतंय' हा विचार नको.

मी स्वतः गगनबावडा रस्त्याला कळे गावाच्या पुढे किंवा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या बाजूला जातो. मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून माळ निवडायचा. विजेच्या तारा नकोत, जनावरं चरत असतील तर थांबायचं. पोरं गोळा होतातच. त्यांना पाठीमागे एका रेषेत उभं करा आणि उड्डाण संपेपर्यंत तिथून हलू नका म्हणून सांगा. पठाराच्या कडेला पहिलं उड्डाण नको, तिथे वारा कडेवरून वर चढतो आणि मागे भोवरे करतो.

काळ तुमच्या बाजूने वापरा. जून ते सप्टेंबर घाटाकडून वारा आणि पाऊस असतो. ते महिने सिम्युलेटरला आणि बांधणीला द्या. उडवायला दिवाळीनंतरची सकाळ, सूर्य वर आल्यापासून नऊच्या आत. दहा वाजले की जमीन तापते आणि हलकं विमान हिंदकळू लागतं. मेमध्ये दुपारी ढग दाटू लागले की गुंडाळा, वळवाचा वारा सांगून येत नाही.

पहिल्या दिवशी आधी मोटर बंद ठेवून गवतावर हाताने सोडून पाहा, सरळ घसरत गेलं पाहिजे. मग बॅटरी लावा, सोबत्याला विमान धरायला सांगा आणि पन्नास पावलं लांब जाऊन सगळं हलतंय ना ते बघा. सोडायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, सोबत्याच्या हातून. तुमचे दोन्ही अंगठे स्टिकवर हवेत. उंच जाऊ द्या, शंभर-दीडशे फूट. मग थ्रॉटल अर्ध्यावर, ट्रिम लावा, आणि मोठी, आळशी वळणं घ्या. वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करा आणि विमान नेहमी तुमच्या पुढे ठेवा. मागे गेलं की वारा त्याला लांब ओढतो आणि परत आणताना घाबरगुंडी उडते. चार मिनिटांनी उतरवा. धावपट्टीवर नेमकं आणायचा हट्ट नको, माळावर जिथे सरळ उतरेल तिथे उतरू द्या.

आणि सांगाड्यावर तुमचा मोबाइल नंबर जाड मार्करने लिहा. आपल्याकडे माळाच्या कडेला ऊस असतो, आणि दहा फुटी उसात पडलेलं पांढरं विमान चार पावलांवरूनही दिसत नाही. पडताना ते कुठल्या झाडाच्या रेषेत गेलं ते लक्षात ठेवायचं, आत शिरताना एकाने बाहेर उभं राहून दिशा सांगायची, आणि उसाची पानं हात कापतात म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. नोव्हेंबरात एकदा असंच एक विमान गेलं. दोन दिवस शोधलं, मग सोडून दिलं. जानेवारीत तोडणीच्या टोळीतल्या एका मावशींचा फोन आला की फडात तुमचं काहीतरी सापडलंय, या घेऊन जा. फोम भिजून गेला होता, बॅटरी निकामी झाली होती. मोटर पुसली, बेअरिंगला तेल सोडलं. ती आजही माझ्या एका ट्रेनरवर चालते.